जहाजाच्या अंगावरची रेघ

गेटवेहून मांडव्याला किंवा एलिफंटाला जाणाऱ्या लाँचमधून मुंबई बंदरात नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजे अगदी जवळून दिसतात. जहाज रिकामे असेल तर त्याचा तांबडा तळभाग पाण्याबाहेर उंच आलेला असतो. भरलेले असेल तर तो तांबडा रंग जवळजवळ नाहीसा झालेला असतो. जहाजाच्या मधोमध, दोन्ही बाजूंना, एक छोटे वर्तुळ रंगवलेले असते. त्यातून एक आडवी रेघ गेलेली असते आणि शेजारी शिडीच्या पायऱ्यांसारख्या काही आखूड रेघा व अक्षरे असतात. लाँचमधल्या बहुतेक प्रवाशांची नजर त्यावरून नुसती फिरते. वर्तुळ जेमतेम तीस सेंटिमीटर व्यासाचे. पण समुद्राच्या पाण्यात ती रेघ बुडेल इतका माल भरला, तर जहाजाला कायद्याने बंदर सोडता येत नाही. आतला माल कितीही कोटींचा असो.

जगभरचे दर्यावर्दी या खुणेला ‘प्लिमसॉल रेषा’ म्हणतात. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते सॅम्युएल प्लिमसॉल खलाशी नव्हते, जहाजबांधणीचे जाणकार नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. ते कोळशाचे व्यापारी होते. कामाच्या जागी होणारे मृत्यू टाळण्याचा इतिहास सांगताना मात्र त्यांना वगळून पुढे जाता येत नाही.

त्यांचा जन्म १० फेब्रुवारी १८२४ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टॉल या बंदराच्या शहरात झाला. वडील अबकारी खात्यात नोकरीला होते, त्यामुळे कुटुंब गावोगाव फिरले आणि शेवटी शेफील्डला स्थिरावले. सॅम्युएलची शाळा लवकर सुटली. कारकुनी करता करता तो एका मद्यनिर्मिती कारखान्यात व्यवस्थापकाच्या जागेपर्यंत चढला. वडील गेल्यावर आई आणि धाकट्या भावंडांचा भारही त्याच्यावर आला.

१८५३ मध्ये प्लिमसॉल यांनी लंडनला जाऊन कोळशाचा धंदा सुरू केला आणि तो साफ बुडाला. काही काळ त्यांना लंडनमधल्या मजुरांच्या स्वस्त खाणावळी-निवासात राहावे लागले, आठवड्याला आठ शिलिंगांहूनही कमी पैशांत. शेजारच्या खाटेवरची माणसे कष्टकरी होती, काम मिळेल तिथे जाणारी, आणि स्वतःकडे काही नसताना एकमेकांना सांभाळून घेणारी. पुढे पुस्तक लिहिताना त्यांनी या दिवसांचा मुद्दाम उल्लेख केला. हातावर पोट असणारा माणूस धोक्याचे काम का स्वीकारतो, हे त्यांना तेव्हा कळले असावे.

नंतर नशीब फिरले. त्या काळी रेल्वेच्या वाघिणीतून कोळसा उंचावरून ओतला जाई. तो फुटून त्याचा भुगा होई आणि भुग्याला भाव मिळत नसे. कोळसा कमी फुटावा अशी उतरवण्याची रचना प्लिमसॉल यांनी तयार केली, तिचे पेटंट घेतले आणि लंडनच्या किंग्ज क्रॉस भागात त्यांचा धंदा उभा राहिला. चढउतार करताना मालाला इजा होऊ नये, या विचारावर त्यांची श्रीमंती आली. माल वाहणाऱ्या माणसांचा विचार नंतरचा.

१८६८ मध्ये ते डर्बीमधून उदारमतवादी पक्षाचे खासदार झाले. डर्बी हे रेल्वे कामगारांचे शहर, समुद्रापासून लांब. आपल्या मतदारांना ज्याचा थेट काही उपयोग नाही असा प्रश्न त्यांनी हाती घेतला. तो मुळात त्यांचाही नव्हता. न्यूकॅसलचे जहाजमालक जेम्स हॉल १८६७ पासून सांगत होते की जहाजे प्रमाणाबाहेर भरली जातात आणि त्यावर काही मर्यादा हवी. एका जहाजमालकाने हे म्हणावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे ही लढाई सगळ्याच जहाजमालकांविरुद्ध असल्यासारखी रंगवली गेली. हॉल यांचे नाव मागे पडले आणि प्लिमसॉल यांचे टिकले, हा थोडासा अन्यायच.

प्रश्न काय होता? जहाजाचे पाण्याच्या पातळीपासून डेकपर्यंतचे जे अंग कोरडे राहते त्याला ‘फ्रीबोर्ड’ म्हणतात. ते वाया गेलेले अंग नव्हे, ती जहाजाची शिल्लक असते. लाट आली, थोडे पाणी आत शिरले, जहाज एका बाजूला कलले, तरी या शिल्लक भागामुळे ते पुन्हा वर येते. हृदयाचेही असेच असते. निम्मी शक्ती गमावलेले हृदय खुर्चीत बसलेल्या माणसाला काही जाणवू देत नाही; जिना चढायला लागला की धाप लागते. गच्च भरलेले जहाज बंदराच्या शांत पाण्यात अगदी ठीक दिसते. त्याची परीक्षा वादळात होते आणि तेव्हा परत फिरण्याची सोय नसते. जानेवारी १८६६ मध्ये ‘लंडन’ नावाची आगबोट ऑस्ट्रेलियाला निघाली. लोखंड आणि कोळशाने ती जड झाली होती. बिस्केच्या उपसागरात लाटांनी इंजिनच्या खोलीवरचे झाकण फोडले, पाणी आत गेले आणि सुमारे २२० माणसे बुडाली. वाचली फक्त १९.

त्या बोटीवर प्रवासी होते म्हणून गाजावाजा झाला. कोळसा, धान्य, लाकूड वाहणारी जुनी जहाजे दर हिवाळ्यात बुडत, त्यांच्यावर फक्त खलाशी असत. अशा जहाजांना लोक तरंगत्या शवपेट्या म्हणत.

मालक हे का होऊ देत, याचे उत्तर प्लिमसॉल यांनी हिशेबाच्या वहीत शोधले, आणि त्यांच्या कामातला हा भाग सर्वांत कसदार आहे. जहाज आणि माल यांचा विमा उतरवलेला असे, काही वेळा खऱ्या किमतीहून जास्त रकमेचा. एकाच जहाजाचा धोका अनेक विमेकऱ्यांमध्ये वाटलेला असे. प्रत्येकाच्या वाट्याला थोडीशीच रक्कम. जहाज संशयास्पद रीतीने बुडाले तरी तेवढ्या रकमेसाठी कोर्टात जाऊन खर्च करणे एकाही विमेकऱ्याला परवडत नसे. भाडे मात्र टनावर मिळे; जितका माल जास्त तितका फायदा. आणि खलाशी? जहाज बुडाले त्या दिवसापासून त्याचा पगार थांबे. मागे राहिलेल्या बायकोच्या हाती तेवढ्या दिवसांचेच पैसे पडत. म्हणजे जहाज बुडाल्याने मालकाचे फारसे नुकसान नाही, विमेकऱ्याचे थोडे, आणि सगळा भार एका घरावर.

खलाशाने नकार का देऊ नये? कारण करारावर सही केल्यानंतर जहाजावर जायला नकार देणे हा गुन्हा होता. शिक्षा बारा आठवड्यांपर्यंतच्या तुरुंगवासाची. बऱ्याचदा जहाजाची अवस्था प्रत्यक्ष दिसायची ती सही केल्यावरच. १८७० ते १८७२ या काळात दीड हजारांहून अधिक खलाशी अशा नकारापायी तुरुंगात गेले. जे गेले नाहीत, त्यांतले किती समुद्रात गेले याची मोजदाद तुरुंगाच्या वहीत असण्याचे कारण नव्हते.

थंड पाण्यात माणूस नेमका कशाने दगावतो, हे आता चांगले ठाऊक आहे. इंग्लंडच्या पूर्वेकडचा उत्तर समुद्र हिवाळ्यात आपल्या फ्रिजमधल्या पाण्याइतका गार असतो. त्यात पडल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांत श्वासावरचा ताबा जातो, धाप लागते आणि त्या धापेसरशी पाणी फुप्फुसात जाते. रक्तदाब व नाडी एकदम चढतात; हृदय आधीच कमकुवत असेल तर ते तिथेच थांबू शकते. त्यातून निभावले तरी पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत हातापायांचे स्नायू गारठून निकामी होतात. बोटांना दोर धरता येत नाही, पोहणाऱ्याला हात मारता येत नाही. शरीराचे आतले तापमान घातक पातळीपर्यंत उतरायला अर्धा तास किंवा त्याहून जास्त लागतो, पण तोवर बहुतेक जण बुडालेले असतात. तेव्हाच्या खलाशांकडे धड जीवरक्षक जाकिटेही नसत. एकदा पाण्यात पडलेल्या माणसासाठी वैद्यकाकडे करण्यासारखे काही नव्हते. आणि बुडण्याआधीचे हालही कमी नव्हते. खलाशांची झोपायची जागा बहुधा जहाजाच्या पुढच्या टोकाला असे. जहाज खोल बसले की तिथे सतत पाणी येई. ओले कपडे, ओले अंथरूण, चार-चार तासांच्या पाळ्या. छातीचे आजार आणि सांधेदुखी ही तिथली नेहमीची दुखणी. गंमत अशी की लिंबाच्या रसाबद्दल १८६७ च्या कायद्यात बारकाईने नियम झाले होते, कारण स्कर्व्ही हा रोग मानला जात होता. बुडणे हा दैवाचा भाग.

१८७३ मध्ये प्लिमसॉल यांनी ‘अवर सीमेन’ हे पुस्तक छापले आणि देशभर खळबळ उडाली. जहाजांच्या नोंदी, कागदपत्रांच्या प्रतिकृती, बुडालेल्यांच्या घरांची वर्णने, आणि त्यासोबत जहाजमालकांवर सरळ आरोप. खासदार असलेल्या काही मालकांकडेही बोट दाखवलेले होते. काही आरोप पुराव्यापेक्षा पुढे गेलेले होते. त्यांच्यावर अब्रुनुकसानीचे खटले झाले, माफी मागावी लागली, वकिलांवर पैसा गेला. त्यांची पत्नी एलायझा या सगळ्यात त्यांच्या बरोबरीने उभ्या होत्या. मोहिमेचे बरेचसे काम त्यांनी अंगावर घेतले.

लोकांच्या दबावामुळे सरकारने शाही आयोग नेमला. १८७४ मध्ये आलेला त्याचा अहवाल प्लिमसॉल यांच्या विरोधात गेला. आयोगाचा मुख्य मुद्दा असा की सरकारने रेषा ठरवून दिली तर सुरक्षिततेची जबाबदारी मालकाच्या खांद्यावरून उतरून सरकारच्या खांद्यावर येईल आणि मालक निष्काळजी होतील. हा युक्तिवाद दिसतो तितका पोकळ नाही. कारखान्यांच्या तपासणीबद्दल तो आजही ऐकू येतो. त्यात एकच गोष्ट धरलेली नव्हती. मालक आधीपासून निष्काळजी असेल आणि त्याची किंमत दुसरा कुणी मोजत असेल, तर जबाबदारी त्याच्या खांद्यावर होतीच कुठे?

१८७५ मध्ये डिझरायली यांच्या सरकारने एक मिळमिळीत विधेयक आणले आणि २२ जुलैला, अधिवेशनात वेळ नाही म्हणून, तेही मागे घेतले. प्लिमसॉल यांचा तोल सुटला. भर सभागृहात ते ओरडले, मुठी आवळल्या, माणसांना मरायला पाठवणाऱ्या सदस्यांना त्यांनी नीच ठरवले आणि शब्द मागे घ्यायला नकार देऊन ते बाहेर पडले. आठवड्याने त्यांनी सभागृहाची माफी मागितली. आरोपाच्या गाभ्याबद्दल मात्र नाही. तोवर गावोगाव सभा भरल्या होत्या. सरकारने घाईघाईने तात्पुरता कायदा केला आणि १८७६ मध्ये तो कायम केला. धोकादायक जहाज बंदरातच अडकवून ठेवण्याचा अधिकार सरकारी तपासनिसांना मिळाला. प्रत्येक ब्रिटिश जहाजावर बारा इंच व्यासाचे वर्तुळ आणि त्यातून अठरा इंचांची आडवी रेघ सक्तीची झाली. आजच्या खुणेची मापे जवळजवळ तीच आहेत.

प्लिमसॉल जिंकले, असे बहुतेक लोक समजले. पण कायद्यात एक भोक होते. वर्तुळ कुठे काढायचे, हे जहाजाच्या मालकाने ठरवायचे होते. त्याने फक्त ते अंतर जकात अधिकाऱ्याला लेखी कळवायचे. कार्डिफच्या एका कप्तानाने ते धुराड्यावर रंगवले अशी गोष्ट खलाशी सांगत. ती खरी असो वा नसो, कायद्याच्या शब्दात बसणारी होती. खूण आहे, कागद आहे, सही आहे, आणि जहाज पूर्वीइतकेच खोल बसलेले आहे, अशी चौदा वर्षे गेली.

त्या चौदा वर्षांत भोक बुजवण्याचे काम भाषणांनी झाले नाही, ते कोष्टकांनी झाले. लॉइड्स रजिस्टरचे मुख्य सर्वेक्षक बेंजामिन मार्टेल यांनी जहाजाची लांबी, खोली, आकार, बांधणी यांवरून किती फ्रीबोर्ड हवा याची कोष्टके १८८२ मध्ये मांडली. जोसेफ चेंबरलेन यांनी १८८४ मध्ये व्यापार खात्याचे मंत्री म्हणून कडक विधेयक आणले, पण जहाजमालकांच्या विरोधापुढे त्यांना ते सोडून द्यावे लागले. पुढच्या वर्षी तज्ज्ञ समितीने कोष्टकांच्या आधारे नियम सुचवले आणि १८९० मध्ये रेषेची जागा मालकाच्या हातून कायद्याने काढून घेतली. एकोणिसाव्या शतकातल्या सुधारणांच्या गोष्टीत १८७६ हे साल ठळक छापतात. खलाशाच्या दृष्टीने खरे साल १८९०.

रेषेशेजारच्या शिडीचा अर्थ या कोष्टकांमधूनच कळतो. वर्तुळातल्या रेघेच्या पातळीची ‘एस’ ही उन्हाळी खूण. तिच्या खाली ‘डब्ल्यू’, हिवाळ्याची. वादळी ऋतूत जहाज कमी भरायचे. वर ‘टी’, उष्ण कटिबंधातल्या शांत समुद्राची. आणखी वर ‘एफ’, गोड्या पाण्याची. गोडे पाणी हलके असल्याने त्यात जहाज थोडे जास्त बुडते आणि खाऱ्या पाण्यात आल्यावर वर उचलले जाते. हुगळी नदीवर कोलकात्याला माल भरताना हा हिशेब करावा लागतो. आपला अरबी समुद्र वर्षाचा बराच काळ ‘टी’ खुणेवर चालतो, पण पावसाळ्याच्या महिन्यांत ती सवलत बंद होते आणि ‘एस’ पाळावी लागते. रत्नागिरी आणि आसपासच्या किनाऱ्यावरचे कितीतरी खलाशी पिढ्यान्पिढ्या पी अँड ओसारख्या ब्रिटिश कंपन्यांच्या जहाजांवर होते. त्यांच्या पायाखालच्या डेकची उंची याच कोष्टकांनी ठरवलेली होती.

रेषा सगळे काही सांगत नाही, हे प्लिमसॉल यांना माहीत होते. सुटे धान्य भरलेल्या जहाजात धान्य एका बाजूला घसरले की रेघ पाण्यावर असतानाही जहाज उलटते. त्यांनी हा मुद्दा लावून धरला आणि १८८० मध्ये धान्य वाहतुकीचा वेगळा कायदा झाला. हा प्रश्न जुना झालेला नाही. २००९ च्या पावसाळ्यात भारतीय बंदरांतून ओल्या लोहखनिजाची भुकटी घेऊन निघालेली ‘एशियन फॉरेस्ट’ आणि ‘ब्लॅक रोझ’ ही जहाजे बुडाली, पहिले मंगळुरूजवळ, दुसरे पारादीपजवळ. भुकटीत पाण्याचे प्रमाण जास्त असले की जहाजाच्या हादऱ्यांनी तिचा चिखल होतो आणि तो एका बाजूला वाहतो. बंदरात माल भरण्यापूर्वी त्यातला ओलावा मोजणे हाच त्यावरचा उपाय आहे, आणि तो मोजणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर अवलंबून आहे.

१८८० मध्येच प्लिमसॉल यांनी आपली खासदारकी पक्षातल्या एका नेत्यासाठी सोडली. बाहेर राहून जास्त काम करता येईल असे त्यांना वाटले असावे. तसे फारसे झाले नाही. एलायझा १८८२ मध्ये ऑस्ट्रेलियात वारल्या. काही वर्षांनी त्यांनी दुसरे लग्न केले. १८८७ मध्ये खलाशी आणि आगवाल्यांच्या नव्या संघटनेने त्यांना अध्यक्षपद दिले. १८९० मध्ये त्यांनी अमेरिकेहून जिवंत गुरे आणणाऱ्या जहाजांवर पुस्तक लिहिले. गुरांचे हाल तर होतेच. पण डेकवर बांधलेल्या गुरांमुळे जहाज वरून जड होते आणि गुरांबरोबर माणसेही बुडतात, हे त्यांनी दाखवले.

त्यांचे नाव तोवर एका भलत्याच जागी जाऊन बसले होते. कापडी वरचा भाग आणि रबरी तळ असलेल्या बुटांना इंग्लंडमध्ये ‘प्लिमसॉल’ म्हणू लागले होते. आपल्याकडे शाळेत पीटीच्या तासाला घालत त्याच जातीचे. तळ आणि कापड यांच्या सांध्यावरची पट्टी जहाजावरच्या रेघेसारखी दिसे, आणि पाणी तिच्या वर गेले की पाय भिजे.

३ जून १८९८ रोजी फोकस्टन या समुद्रकाठच्या गावी प्लिमसॉल यांचे निधन झाले. त्या दिवशीही ब्रिटिश बंदरांत माल भरणाऱ्या परदेशी जहाजांना ही रेषा लागू नव्हती. शेजारच्या धक्क्यावर उभे असलेले परक्या झेंड्याचे जहाज हवे तितके खोल भरता येत होते, आणि ब्रिटिश मालकांची तीच तक्रार होती. १९०६ च्या कायद्याने परदेशी जहाजांनाही ती लागू केली. त्याच वर्षी ब्रिटिश जहाजांची कोष्टके नव्याने तपासली गेली आणि अनेक जहाजांच्या अंगावरची रेघ पुसून थोडी वर काढण्यात आली.